प्रकाशतंतू आणि एक राहून गेलेले उत्तर

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात आले ते सवयीचेच विषय. पत्र्याच्या दोन खोल्या, विहाराच्या ओट्यावर भरणारे वर्ग, वसतिगृहाच्या पहिल्या तुकडीची सामुदायिक वंदना, पावसाळ्यात वाहून गेलेले स्वयंपाकघराचे छप्पर. हे सारे आमचे सहकारी लिहितीलच, आणि आमच्याहून चांगले लिहितील. इतिहास हा आमचा विषय असल्याने आम्ही संस्थेचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षाही असावी. तथापि आम्ही या निमित्ताने एक कबुली द्यावयाचे ठरविले आहे. ती केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूविषयी आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञानाचे पद रिक्त होते आणि इयत्ता आठवीचे विज्ञान आमच्याकडे आले होते. सनावळ्या आणि तह शिकविणारा मनुष्य प्रकाशाचे परावर्तन शिकवू लागला म्हणजे काय होते, ते त्या तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्याच हिवाळ्यात शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेने कोण्या ठेकेदाराचे केबलचे काम निघाले. जेथे जेसीबी पोचत नव्हता तेथे माणसे टिकाव-फावडे घेऊन चर खणीत होती. त्यांपैकी एक आपल्याच वसतिगृहातील एका मुलाचे वडील होते. ऊसतोडीची उचल त्या वर्षी मिळाली नव्हती, म्हणून ते या कामावर आले होते. दुपारच्या सुट्टीत मुलगा फाटकापाशी जाऊन बापाला पाणी देऊन येई.

एके दिवशी तो वर्गात केबलचा वीतभर तुकडा घेऊन आला. काळे जाड आवरण, त्याच्या आत नळ्या, नळ्यांत निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी असे दोऱ्यासारखे धागे. त्याने त्यातला एक धागा नखाने सोलला होता, आणि आतून निघालेली बारीक काच कागदावर ठेवून आमच्यापुढे धरली होती. ‘‘सर, ह्यातून उजेड जातो म्हणतात. पण ह्याला तर भोकच नाही. मग उजेड आत जातो कुठून?’’

उत्तर आम्हास ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसणे हा दोष नव्हे. दोष पुढे घडला. आम्ही म्हणालो, ‘‘भोक असते, पण डोळ्यांना दिसत नाही. ती नळीच आहे, फार बारीक नळी.’’ दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहिला. प्रयोगशाळेच्या कपाटातील भिंग त्याने कोणाला न विचारता घेतले होते आणि तंतूची टोके पाहिली होती. भोक नव्हते. काच भरीव होती. आम्ही त्याला विचारले, ‘‘तू मोठा शास्त्रज्ञ लागून गेलास का?’’ वर्ग हसला. तो खाली बसला. पुढे दहावीपर्यंत त्याने आमच्या तासाला हात वर केल्याचे आम्हास आठवत नाही.

ज्या शाळेत दर पौर्णिमेला मुलांना कालामांची कथा सांगितली जाते, केसपुत्त गावच्या लोकांना भगवंतांनी केवळ परंपरा म्हणून, केवळ ग्रंथात आहे म्हणून, केवळ आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका असे सांगितले हे शिकविले जाते, त्या शाळेत हे घडले. ती कथा सांगणारे बहुधा आम्हीच असू.

२०२० साली वसतिगृह रिकामे झाले. मुले घरी गेली, आम्ही शाळेच्या आवारातील खोलीत राहिलो, आणि त्या लांबलेल्या सुट्टीत तो राहिलेला प्रश्न वर आला. आम्ही वाचावयास बसलो. विज्ञान म्हणून फारसे झेपले नसते. इतिहास म्हणून वाचले, तेव्हा वाट सापडली.

काचेचा अतिसूक्ष्म तंतू काढण्याच्या इतिहासात आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला तो चार्ल्स व्हर्नन बॉइज. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील विज्ञान महाविद्यालयात तो शिकवीत असे. त्याच्या काळी नाजूक उपकरणांत आरसा किंवा चुंबक टांगावयाचा तर रेशमाचा धागा वापरीत. परंतु रेशीम हवेतील दमटपणाने बदलते आणि पीळ दिल्यावर पूर्वीच्या जागी नेमके परत येत नाही. साध्या काचेचा धागाही पिळाची थोडी आठवण धरून ठेवतो. ज्याला गुरुत्वाकर्षणासारखे क्षीण बल मोजावयाचे आहे, त्याला असा धागा चालत नाही. बॉइजने १८८७ साली यावर जो उपाय काढला तो वाचून आम्ही एकट्यानेच मोठ्याने हसलो. त्याने एक लहानसे आडवे धनुष्य केले. गवताच्या काडीच्या बाणाला काचेच्या कांडीचे एक टोक जोडले, दुसरे टोक पक्के बसविले, मधला भाग ज्योतीने वितळविला आणि चाप ओढला. बाण सुटला तो वितळलेली काच मागे ओढीत. सुमारे ९० फूट लांब आणि इंचाच्या दहाहजाराव्या भागाएवढा जाड असा काचेचा धागा त्याला मिळाला. पुढे काचेऐवजी त्याने क्वार्ट्‌झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक घेतला. तो वितळावयास ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत लागते. त्याचे तंतू पोलादाच्या तोडीचे चिवट निघाले, पीळ सोडताच मूळ जागी परत आले, आणि काही तर इतके बारीक झाले की त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून त्यांची जाडी मोजता येईना.

हे खेळणे नव्हते. क्वार्ट्‌झतंतूला इवलासा आरसा टांगून त्याने उष्णता मोजण्याचे असे उपकरण केले की, एका मैलाहून दूर असलेल्या मेणबत्तीची ऊब त्याला कळावी. चंद्रावरून येणारी उष्णताही त्याने मोजली. तंतू तसूभरही न दिसेल इतका वळला, तरी आरशावरून परतणारा प्रकाश लांबच्या पट्टीवर ठळक सरकतो; सारी युक्ती त्यात आहे. त्यानंतर ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेच्या तळघरात त्याने गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला आणि १८९५ साली तो प्रसिद्ध झाला. शतकापूर्वी कॅव्हेंडिशने याच कामासाठी सहा फुटी दांडा टांगला होता. बॉइजच्या उपकरणातील दांडा म्हणजे एक इंचाहून आखूड असा आरसाच होता, आणि त्याच्या दोन बाजूंना सोन्याच्या लहान गोळ्या. रस्त्यावरच्या गाड्यांच्या हादऱ्यांनी काम बिघडे, म्हणून मोजमाप रात्रीच्या शांततेत करावे लागे. आपल्याकडे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली, ती हकिकत येथे आठवते. पुढील काळात चुंबकीय वेधशाळांतील उपकरणांतही क्वार्ट्‌झतंतूला टांगलेले चुंबक आणि आरसे आले.

या बॉइजविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स त्याचा विद्यार्थी होता आणि आत्मचरित्रात त्याने बॉइज हा फार वाईट शिक्षक असल्याची तक्रार केली आहे. भराभर बोलावे, फळा भरावा आणि आपल्या उपकरणांकडे पळावे, अशी त्याची रीत. याच माणसाने लहान मुलांसमोर साबणाच्या फुग्यांवर दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने अजून वाचली जातात. वर्गात फसलेल्या शिक्षकाला दुसरी संधी मिळते, एवढा दिलासा आम्ही त्यातून त्या दिवसांत घेतला.

बॉइजच्या तंतूला आरसा टांगलेला असे. प्रकाश त्या तंतूच्या आतून चालत नव्हता. मुलाचा प्रश्न तर आतून जाणाऱ्या उजेडाचा होता. त्याचे उत्तर आपल्या गावातील कोणत्याही पोहणाऱ्या पोराने पाहिलेले असते, फक्त त्याला कोणी विचारलेले नसते. विहिरीत बुडी मारून तळातून वर पाहावे. डोक्यावर आकाशाचे एक गोल भोक दिसते आणि त्या गोलाच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. त्यात विहिरीच्याच भिंती उलट्या दिसतात. पाण्यातून हवेकडे फार तिरका निघालेला प्रकाश बाहेर पडूच शकत नाही, तो सगळाच्या सगळा परत फिरतो. काचेचेही तेच. भरीव काचेत तिरका शिरलेला प्रकाश कडेवर आपटून आत वळतो, पुन्हा पलीकडच्या कडेवर, पुन्हा आत. भोकाची गरजच नाही. जिनीव्हात कोलॅडनने १८४१ च्या सुमारास आणि लंडनमध्ये टिंडलने १८५४ साली पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाश वाकवून दाखविला होता. आम्ही तो प्रयोग रिकाम्या स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटलीला भोक पाडून आणि विजेरी लावून केला. धार मोरीत पडली तेथे उजेडाचा ठिपका थरथरत होता. पाहावयास कोणी नव्हते.

ही पाण्याची धार काचेच्या तंतूत आणण्याच्या कामात एक भारतीय नाव आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शाळेत आपल्या शिक्षकाने सांगितले आणि ते खोडून काढावे असे आपल्या मनाने घेतले, असे ते पुढे सांगत. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बाहेर फिरून आलो. कपानी पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. बॉइज ज्या महाविद्यालयात धनुष्यबाण चालवीत होता, तेच १९०७ साली इम्पीरियलमध्ये विलीन झालेले होते. १९५४ च्या जानेवारीत हॉपकिन्स आणि कपानी यांनी हजारो काचतंतूंची जुडी करून तिच्या एका टोकाचे चित्र दुसऱ्या टोकाला नेल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्याच अंकात हॉलंडच्या व्हॅन हील यांचाही लेख होता.

मात्र नागव्या काचेच्या जुडीत एक दोष असतो. तंतू एकमेकांना टेकले किंवा त्यांवर ओरखडा, बोटाचा ठसा पडला, की त्या जागी प्रकाश निसटतो. यावर पक्का उपाय केला तो अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने. प्रकाश जास्त वळविणाऱ्या काचेची कांडी कमी वळविणाऱ्या काचेच्या नळीत घालावी आणि दोन्ही एकत्र तापवून ओढावे, अशी त्याची कल्पना. जाणत्यांना ती पटली नव्हती. १९५६ च्या डिसेंबरात त्याचे प्राध्यापक परिषदेसाठी बाहेरगावी गेले असताना त्याने ती करून पाहिली आणि जमली. पुढच्याच वर्षी बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टराने अशा तंतूंची दुर्बीण आधी स्वतः गिळली व मग रुग्णाच्या पोटात उतरविली. आज तालुक्याच्या ठिकाणीही पोटाची दुर्बिणीने तपासणी होते, तिचा आरंभ एका न ऐकणाऱ्या विद्यार्थ्यापासून आहे.

दूरवर संदेश नेण्याचे काम मात्र अजून बाकी होते. त्या वेळच्या चांगल्या काचेतही प्रकाश काही मीटरांत विझे. चार्ल्स काओ आणि त्यांचे सहकारी हॉकहॅम यांनी १९६६ साली दाखवून दिले की दोष काचेचा नाही, तिच्यातील लोखंडासारख्या अशुद्धींचा आहे; एक किलोमीटर अंतरावर शेकडा एक भाग प्रकाश उरला, तरी टेलिफोनचे काम होईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्त्स यांनी ती मर्यादा गाठली. त्यांनी काच वितळवून शुद्ध करण्याचा नाद सोडून वायूपासूनच काच बनविली. आजच्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावर निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. कपानींना मिळाले नाही. त्यांचे २०२० साली निधन झाले आणि पुढच्या वर्षी भारत सरकारने मरणोत्तर पद्मविभूषण दिले. कोणाचे नाव राहावे आणि कोणाचे पुसावे, यावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. येथे तेवढेच सांगतो की या यादीत चर खणणारा कोठेच नाही.

ज्या शहरात आम्ही एम. ए. केले, तेथील वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत आज हे तंतू तयार होतात. काचेची भरीव कांडी उंच मनोऱ्याच्या माथ्यावरील भट्टीत सुमारे २००० अंशांवर तापवितात, खाली उतरणारा थेंब ओढीत नेऊन एका कांडीतून शेकडो किलोमीटर तंतू काढतात आणि तो थंड होताच त्यावर संरक्षक लेप देतात. तंतूची पूर्ण जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातला प्रकाश नेणारा गाभा नऊ मायक्रोमीटरांच्या आसपास. त्याच शहरात नागसेनवन आहे, आणि बाबासाहेबांनी तेथे काढलेल्या महाविद्यालयाला नाव आहे मिलिंदाचे. उत्तर देणारा नागसेन परिसराला आणि प्रश्न विचारणारा राजा महाविद्यालयाला, ही वाटणी विद्यार्थिदशेत आमच्या कधी ध्यानात आली नव्हती.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा नवीन विज्ञानशिक्षिका रुजू झाल्या होत्या. त्यांच्याकडून आम्ही आठवीचा एक तास मागून घेतला. बाटलीची धार दाखविली, विहिरीची बुडी सांगितली. उघडे तंतू एकमेकांना टेकले की काय होते ते सांगत असता मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे सर, काचेलाही विटाळ होतो?’’ वर्ग हसला, आम्हास मात्र हसू आले नाही. हा शब्द तिला कोठून मिळाला असेल ते आम्ही जाणतो. आम्ही म्हणालो, ‘‘नाही. टेकले की एकातला उजेड दुसऱ्यात जातो, इतकेच.’’ ती थोडा विचार करून म्हणाली, ‘‘मग दोघांनाही मिळतो.’’ चित्र नेणाऱ्या जुडीसाठी ते गैरसोयीचे आहे, हे त्यानंतर सांगावयास हवे होते, पण ते राहूनच गेले.

तिनेच तासाच्या शेवटी विचारले, ‘‘अजून बारीक केला तर?’’ या वेळी आम्ही म्हणालो, ‘‘ठाऊक नाही. शोधून सांगतो.’’ आठ दिवस लागले. उत्तर असे की, २००३ साली लिमिन टोंग, एरिक माझुर आणि सहकाऱ्यांनी काचतंतू दोनदा ओढून ५० नॅनोमीटर जाडीपर्यंत आणला. प्रथम ज्योतीवर ओढून मायक्रोमीटरभर जाडी, मग तो नीलमण्याच्या तापविलेल्या निमुळत्या टोकाला गुंडाळून पुन्हा ओढणे. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटरांच्या. म्हणजे वाट पाहुण्याहून लहान. तेव्हा प्रकाशाचा मोठा भाग काचेच्या आत मावतच नाही. तो तंतूला धरून त्याच्या बाहेरून चालतो, सोडून जात नाही. त्यामुळे तंतूच्या आजूबाजूला एखादा सूक्ष्म कण किंवा वायू आला, तर चालणाऱ्या प्रकाशाला त्याची चाहूल लागते आणि असा तंतू संवेदक म्हणून उपयोगी पडतो. विज्ञानाच्या बाईंनी हे तपासून दिले, मगच आम्ही वर्गात सांगितले. आमच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नसावा, आणि ते योग्यच आहे.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याच्या आदल्या दिवशी एक तरुण मोटारसायकलवरून शाळेत आला. पाठीवर पेटी होती. आयटीआय करून तो आता प्रकाशतंतू जोडण्याचे काम करतो. जवळच्या गावी केबल तुटली होती, ती जोडून परतीच्या वाटेवर शाळेत डोकावला होता. आम्ही त्याला ओळखले. चहा झाल्यावर त्याला पेटी उघडण्याची विनंती केली. त्याने तंतूवरचा लेप सोलला, स्पिरिटने पुसला, टोक कापले. दोन टोके यंत्रात ठेवली. पडद्यावर दोन काळ्या दांड्या समोरासमोर आल्या, ठिणगी उडाली, आणि दोन्हींची एक झाली. मग त्याने लाल उजेडाची लेखणी एका टोकाला लावली. ‘‘डोळ्यांत घेऊ नका सर,’’ म्हणत दुसरे टोक त्याने आमच्या तळहातावर धरले. लाल ठिपका पडला. तंतू बोटाभोवती घट्ट वाकविला, तसा त्या वाकणातून लाल प्रकाश झिरपला. काचेत भोक असते हे तुला सांगितले ते चूक होते, आणि तुला हसलो ते त्याहून मोठे चूक, असे आम्ही त्याला म्हणालो.

तो गोंधळला. ‘‘ते काही आठवत नाही सर. तुम्ही भिंग काढून घेतलं होतं, ते आठवतं.’’

ते आम्ही विसरलो होतो. भिंग आमच्या टेबलाच्या खणात होते, खडूच्या डब्याखाली. काढून त्याच्या हाती दिले. त्याने लेखणी बंद केली, तंतूचे कापलेले टोक उजेडाकडे धरले, क्षणभर पाहिले आणि भिंग व तंतू आमच्याकडे दिला. वयामुळे हात थोडा हलतो; टोक भिंगाखाली आणावयास वेळ लागला. काच भरीव होती.

त्याला पुढच्या तालुक्यात आणखी एक तुटलेली केबल पाहावयाची होती, म्हणून तो जेवावयास थांबला नाही. वडील कसे आहेत असे विचारले, तर म्हणाला, चरावर जाणे आता बंद केले आहे. काचेचे कापलेले तुकडे त्वचेत घुसतात आणि दिसत नाहीत, म्हणून ते त्याने एका लहान बाटलीत भरून, वर झाकण लावून दिले. ती बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. भिंग कपाटाच्या बाहेर, दाराच्या कडीला दोरीने बांधून ठेवले आहे.